आधी जावं लागतं

आमचे नाना दिवसा झोपायचे.

चैत्रात जत्रेला मुंबईकर गावात उतरले की बाकीचे पारावर गप्पा ठोकायचे, पालखीपुढं नाचायचे, देवळाच्या वर्गणीवरून भांडायचे. नाना न्याहारी उरकली की माजघराच्या अंधारात घोंगडं टाकून जे आडवे व्हायचे, ते उन्हं कलल्यावरच उठायचे. रात्री सगळं गाव निजलं की मात्र ते पडवीत बसलेले असत. विडीचं लाल टोक तेवढं दिसायचं.

पाटण तालुक्यातलं आमचं गाव डोंगराच्या अंगावर वसलेलं. थोडं भात, थोडी नाचणी, दोन म्हशी आणि मुंबईची मनीऑर्डर, एवढ्यावर घर चालायचं. अशा गावात दिवसा कोण झोपतं? आजारी माणूस, बाळंतीण, नाहीतर ऐतखाऊ. नाना आजारी नव्हते. आबा, म्हणजे माझे वडील, थोरल्या भावाच्या तोंडावर कधी बोलत नसत. पण गोठ्यात शेण भरताना पुटपुटायचे, "मुंबईला गेला की मानसाचं कंबारडं वाकंना हुतं."

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि उन्हाळ्याच्या तोंडाला नाना पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन गावी आले. या खेपेला जत्रेपुरते नाहीत. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. पेरणीचे दिवस आले. आबा औताला, आय आणि थोरली आय तरव्याला, आणि नाना माजघरात. एक दिवस पारावर कुणीतरी मला खिजवलं, "काय रं, तुझं नाना संपावर हाईत न्हवं?" मी म्हणालो, "संपावर कशाचं, झोपंवर हाईत." सगळा पार हसला. त्या दिवशी नाना नेमके लवकर उठून देवळामागून येत होते. त्यांनी ऐकलं. बोलले काही नाहीत. घरी जाऊन कुदळ घेतली आणि भर दुपारी बांध घालायला गेले. तासाभराने मी भाकरी घेऊन गेलो, तर बांधाला टेकून बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. मी तेही पारावर येऊन सांगितलं.

हे आज सांगायला कारण आहे. हल्ली शाळेच्या संमेलनात, नोकरीतल्या प्रशिक्षणात, सोसायटीच्या सत्यनारायणालासुद्धा कोणीतरी वक्ता येतो आणि सांगतो, "दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा." टाळ्या पडतात. लोक चहा पिऊन घरी जातात. माझा या उपदेशावर राग आहे, आणि तो मी लपवत नाही. कारण सोळाव्या वर्षी मी अगदी हेच केलं होतं. नानांच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं होतं. धडधाकट माणूस, घरची शेती, पेरणीचे दिवस, आणि हा झोपतो. त्यांच्या जागी मी असतो आणि झोपलो असतो, तर मी आळशी ठरलो असतो. म्हणून नाना आळशी. हिशोबात कुठं खोट नव्हती. फक्त त्यांच्या जागी मी मलाच नेऊन बसवलं होतं, माझी रात्रभराची पोटभर झोप बरोबर घेऊन.

आपल्याकडे म्हण आहे, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. म्हण सगळ्यांना पाठ आहे. तिचा पहिला शब्द मात्र कोणी मनावर घेत नाही. ती 'जावे' म्हणते. घरात बसून मनाशी चित्र रंगवा, असं ती म्हणत नाही.

मी गेलो तो पोटासाठी, शहाणपणासाठी नाही. १९८५ साली. काही गिरण्या तोवर पुन्हा सुरू झाल्या होत्या, पण नानांना परत घेतलं नव्हतं. लालबागला चिवडा गल्लीच्या बाजूला एका चाळीत आमच्या गावकीची खोली होती. त्या खोलीतली नानांची खुंटी मला मिळाली. खुंटी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. भिंतीला ओळीनं खुंट्या. ज्याची खुंटी त्याचे कपडे तिच्यावर, पेटी तिच्याखाली, वळकटी माळ्यावर. तेवढाच माणसाचा मुंबईतला पत्ता. जेवण खाणावळीत. महिन्याची वर्गणी खोलीच्या हिशोबनिसाकडे. संपाआधी त्या एका खोलीत पंचवीस-तीस माणसं राहत. ती मावत कशी, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला. हिशोबनीस म्हातारे होते. माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "आरं, सगळी एकदम कवा असत्यात? गिरनीच्या तीन पाळ्या, तशा खोलीच्या तीन पाळ्या."

पहिल्या पाळीचा माणूस पहाटे उठून गेला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला येऊन पडायचा. रातपाळीवाल्याला रात्री पाठ टेकायला जागाच नसे, कारण रात्रीची जागा दुसऱ्याची. नाना आधी कैक वर्षं बदली होते. बदली म्हणजे रोज गिरणीच्या दारात उभं राहायचं, कायम कामगार गैरहजर असला तर आत जायचं, नाहीतर परत यायचं. मिळेल ती पाळी घ्यायची, आणि बहुतेक मिळायची ती रातपाळी. पुढं कायम झाले, तरी खोलीत दिवसाचीच जागा त्यांच्या नावावर पडली होती. वीसेक वर्षं या माणसाच्या झोपेला रात्र अशी मिळालीच नव्हती. आणि दिवसाची झोप तरी कसली? डोक्याशी स्टोव्हचा आवाज, नळावरची भांडणं, खाली मसाला कांडणाऱ्या डंकांचा ठोका, एप्रिल-मे मध्ये तापलेला पत्रा. तिथं ज्याला झोपता आलं, त्यानं गावच्या थंडगार माजघरात आठ तास झोपावं, यात आळस कुठला? वर्षाचं उधार तो पंधरा दिवसांत फेडून घेत होता.

आणखी एक. नाना मोठ्यानं बोलतात, खेकसतात, अशी आमच्या घरात तक्रार होती. खोलीत बघितलं तर सगळेच विणकामखात्यातले जुने लोक तसेच बोलत, आणि बोलता बोलता हातानं खुणा करत. शेकडो माग एकदम चालतात तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कान कायमचे जड होतात. आम्ही ज्याला तापटपणा म्हणत होतो ते बहिरेपण होतं.

हे मला समजलं, असं मात्र अजून म्हणणार नाही. कळलं होतं, समजलं नव्हतं. मला गिरगावात एका छापखान्यात काम मिळालं. दिवाळी अंकांच्या आणि निवडणुकीच्या हंगामात रात्रभर यंत्र चालायचं. सकाळी बेस्टच्या बसनं लालबागला यायचं आणि झोपायचं. दुसऱ्या वर्षी जत्रेला गावी गेलो, न्याहारी केली आणि माजघरात आडवा झालो. अंगणात धाकट्या भावाची चार पोरं जमली होती. त्याला एकजण म्हणाला, "तुजा दादाबी नानावानी व्हय रं?" पोरं हसली. मला अर्धवट झोपेत ऐकू आलं. मग पडवीतून नानांचा तो मोठा आवाज आला, "पोरांनो, तकडं जाऊन खेळा. रातपाळीचा मानूस हाय त्यो." आणि त्यांनी उजेड येऊ नये म्हणून माजघराचं दार ओढून घेतलं.

पारावरचं ते वाक्य त्यांनी मला आयुष्यात कधी काढून दाखवलं नाही.

आता मोठ्या निकालाकडे येतो. संपाबद्दल दादरच्या कार्यालयातल्या लग्नाच्या पंगतीत, गिरगावातल्या छापखान्यात, आमच्या पारावर, मी चाळीस वर्षं एकच निकाल ऐकतो आहे. "डॉक्टरच्या नादी लागले आणि मेले. अक्कल नव्हती." बोलणारा माणूस संपाचा शेवट हातात धरून संपाची सुरुवात तपासत असतो. त्याला गिरणीच्या जागेवरचा मॉल दिसतो. दादरच्या कोहिनूर मिलची जमीन २००५ साली ४२१ कोटींना गेली हे माहीत असतं. १९८२ साली खुंटीखाली बसलेल्या माणसाला यातलं काय दिसत होतं?

त्याला हे दिसत होतं. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांमध्ये असंतोष होता, आणि प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांकडे गेले होते. सामंतांनी इंजिनीयरिंग कारखान्यांत घसघशीत पगारवाढीचे करार करून दिले होते. तिथल्या कामगाराचा आणि गिरणीवाल्याचा पगार एकाच चाळीत, समोरासमोरच्या दारांत दिसायचा. गिरणी कामगारानं युनियन बदलावी म्हटलं तर १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आडवा यायचा. त्या कायद्यानं गिरणी धंद्यात मालकांशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे आपल्या वतीनं कोण बोलणार हे ठरवायची सोय नाही, आणि बोलायचंच झालं तर काम बंद करण्याखेरीज दुसरा रस्ता नाही. बदलींना तर कायम होण्याची आशाही दरवर्षी पुढं ढकललेली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. एवढ्या सगळ्यांना एकदम अक्कल सोडून गेली, असं मानणं मला जड जातं. त्यांच्या जागेवरून दिसणारा हिशोब त्यांनी मांडला होता आणि तो चुकीचा मांडला नव्हता.

त्यांना दिसलं नाही ते वेगळंच. पायाखालच्या जमिनीला गिरणीतल्या कापडापेक्षा जास्त भाव येईल, हे खुंटीवरून दिसत नाही. भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड निघू शकतं आणि मालक थांबू शकतो, हे पुरतं दिसलं नाही. संप कुणी कधी रीतसर मागे घेतलाच नाही. तो विरून गेला. पुढं १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीतला मोठा हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी ठेवला. २००१ साली त्यात बदल झाला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. हे सगळं नंतरचं. नंतरचं शहाणपण घेऊन आधीच्या माणसाला मूर्ख ठरवायला फार डोकं लागत नाही.

यावर मला लोक म्हणतात, मग काय, संपवाल्यांचं सगळं बरोबर होतं? नव्हतं. आमच्याच खोलीतला एकजण संपाच्या सातव्या-आठव्या महिन्यात पोलिसांच्या बंदोबस्तात कामावर गेला. त्याची पेटी गावकीनं जिन्यावरून खाली फेकली. फेकणाऱ्यांत नाना होते. त्या माणसाची पोरगी गावी तापानं फणफणली होती आणि तो कर्ज मागून थकला होता, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. नाना मला म्हणाले, "ठाव हुतं. तरी फेकली. न फेकून चालत न्हवतं." समजून घेणं म्हणजे माफी वाटत सुटणं, असं मी म्हणत नाही. माहीत असूनही आपण पेटी फेकतो. पण ती आपण फेकली, हे नानांसारखं सांगता तरी यायला हवं.

इथवर वाचून गिरणगावचे जुने लोक खूष होतील. आता त्यांच्यासाठी.

गिरणगाव म्हणजे एकोपा, जात नाही, पात नाही, एका ताटात जेवण, अशी आठवणींची पुस्तकं आणि भाषणं मी पुष्कळ ऐकली. मीही तसं बोलायचो. माझ्या वर्गातला एक मित्र आमच्या गावच्या बौद्धवाड्यातला. तो मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत नातलगांकडे राहायचा. एका रविवारी भारतमाता सिनेमासमोर चहा पिताना मी गावकीच्या खोलीचं कौतुक चालवलं होतं. त्यानं शांतपणे विचारलं, "तुमची गावकी म्हंजे कुनाची?"

मी मोजायला लागलो. खोलीच्या जुन्या वहीत आमच्या गावची सगळी आडनावं होती, त्याच्या वाड्यातलं एकही नव्हतं. त्यांचे लोक मुंबईत नव्हते असं नव्हे. ते गिरण्यांतच होते, पण दुसऱ्या खात्यात आणि दुसऱ्या चाळीत.

या दुसऱ्या खात्याची गोष्ट जुनी आहे. विणकामखात्यात पगार जास्त. तिथं धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. तोच धोटा सगळ्यांच्या तोंडाला लागणार, म्हणून स्पृश्य कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नव्हते. मालकाचा नियम नव्हता. कामगारानं कामगारावर घातलेला होता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न ठेवला, की अस्पृश्यांना विणकामखातं खुलं करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत का नाही? बाबासाहेब स्वतः परळच्या पोयबावडीला बीआयटी चाळीत, कामगारांच्याच शेजारात बरीच वर्षं राहिले होते. त्यांना संप आणि बंद दार दोन्ही एकाच वेळी दिसत होतं, कारण ते बंद दाराच्या बाजूला उभे होते. आणि हे बोलून दाखवल्यानं कामगारांची एकी मोडली का? दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला तेव्हा आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी एकत्र उभे होते. दाराचं नाव घेतल्यावरही एकत्र उभं राहता आलं.

गावी गेल्यावर मी नानांना विचारलं, "तुमच्या खात्यात आपल्या बौद्धवाड्यातलं कोण हुतं?" नाना बराच वेळ बोटं मोडत बसले. मग म्हणाले, "एकबी न्हवता की रं." "का बरं?" "कवा इचारच क्येला न्हाई." माझ्या झोपेच्या चेष्टेनं दुखावलेला, ती गिळून मला सावरून घेणारा हा भला माणूस. वीस वर्षं शेजारच्या खात्याचं दार त्याला दिसलं नव्हतं. अन्याय सोसला म्हणून माणसाला दुसऱ्याचा अन्याय आपोआप दिसतो, हा भ्रम मला तिथं सोडावा लागला. डोळ्यांना ती सवय वेगळी लावावी लागते.

राहिली थोरली आय. नानांची बायको. संपावर जे काही बोललं-लिहिलं गेलं त्यात ती कुठं असते? असलीच तर 'गावी ठेवलेली बायको' म्हणून, मनीऑर्डरची वाट बघत उंबऱ्यात बसलेली. आमची थोरली आय उंबऱ्यात बसलेली मी बघितली नाही. तिला वेळ नव्हता. बियाणं किती ठेवायचं, म्हैस कधी विकायची, पोरगी कुठं द्यायची, सावकाराला काय सांगायचं, हे तीच ठरवायची. मुंबईकराला पत्रातून नुसतं कळवायचं. संपाच्या वर्षी गावातल्या बाया तिला म्हणायच्या, "बरं झालं बाई, मालक घरी आलं." ती एकदा माझ्या आयला म्हणाली, आणि मी ऐकलं, "मानूस घरी आला म्हनत्यात समदी. माज्या घरात पाव्हना आलाया, आन त्यो आता जायाचा न्हाई."

वर्षाला पंधरा दिवस येणारा माणूस पाहुण्यासारखाच. त्याला गोडधोड करायचं, त्याचं ऐकायचं, त्याला एसटीत बसवायचं. तोच माणूस बारा महिने घरात आला आणि बियाण्याच्या कणगीला हात घालायला लागला. वीस वर्षं चालवलेलं घर तिच्या हातून निघून गेलं. संपात नानांची नोकरी गेली, हे आम्ही सगळे सांगतो. थोरल्या आयचाही कारभार त्याच वर्षी गेला. तिच्याकडे ना संघटना, ना मोर्चा, ना भरपाईचा अर्ज.

मुंबईतही तेच. त्या तीन पाळ्यांच्या माणसांना वेळेवर ताट वाढणाऱ्या खाणावळवाल्या बायांना गिरणगावानं कामगार कधी मानलं नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जासाठी दारं ठोठावली, तेव्हा कुठं लोकांच्या लक्षात आलं की पोळ्या लाटणं हाही धंदा आहे, त्यालाही भांडवल लागतं, आणि ते भांडवल इतके दिवस सावकाराच्या व्याजानं येत होतं. प्रेमाताईंनी त्या बायांच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांचा हिशोब विचारला. एवढी साधी गोष्ट आधी कुणाला सुचली नव्हती.

आता शेवटची कबुली. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा मी निवृत्त होऊन गावी राहत होतो. गावच्या वाटेवर बांबू आडवा बांधणाऱ्यांत मी होतो. मुंबईकर आले की त्यांना परस्पर शाळेत चौदा दिवस ठेवायचं, असा नियम होता. नानांचा नातू बायको आणि दोन लेकरांसह परळहून आला. बांबूच्या पलीकडून म्हणाला, "काका, आपल्याच घरात येतुया न्हवं?" मी म्हणालो, "नियम हाय." नियम खरा होता. रोग खरा होता. गावात म्हातारी माणसं होती. मला तो बांबू आजही चुकीचा वाटत नाही. पण बांबूआडून मी आणखी एक वाक्य बोललो होतो, "तितंच गप घरात बसायचं सोडून पळत सुटायला काय झालं हुतं?" ज्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात आणि संडास मजल्याचा सामाईक असतो, तिथं 'घरात बसणं' म्हणजे काय हे गावात सगळ्यांत जास्त मला ठाऊक होतं. मी त्याच प्रकारच्या खोलीत खुंटीखाली वर्षं काढली होती. तरी बोललो. एकदा जाऊन आलं की कायमचं कळतं, असंही नाही. पाऊल मागे घेतलं की डोळे पुन्हा आपल्याच जागी येतात.

चौदा दिवसांनी तो घरी आला. मी वाक्य परत घेतलं. त्यानं "जाऊ द्या काका" म्हटलं. ते 'जाऊ द्या' कसं असतं, हे मला पडवीतल्या विडीमुळं ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या जागी जाऊन बघायचं तर आयुष्य पुरणार नाही. खरं आहे, नाही पुरणार. म्हणूनच निकाल देण्याची घाई कमी करा, एवढंच माझं मागणं आहे. जिथं जाता येत नाही तिथं विचारता येतं. आणि विचारताना 'तुझ्या जागी मी असतो तर' हे तेवढं तोंडातून काढू नका. तुम्ही नाही आहात. तो आहे. त्याला विचारा, बाबा, तुझी पाळी कुठली, तुझी जागा किती, तुला कुठल्या दारातून आत घेत नाहीत, आणि महिनाअखेरीला हातात काय उरतं. मग गप्प बसा आणि उत्तर पुरतं होऊ द्या.

परळ-लालबागला आता गिरण्यांच्या जागी पन्नास-पन्नास मजले उभे आहेत. त्यांच्या तळाशी, गाड्यांच्या मधे, पुठ्ठ्यावर एखादा परगावचा वॉचमन भरदुपारी झोपलेला दिसतो. त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या आधी त्याला एवढं विचारा, रात्री तुझी जागा कुणाकडे असते?